खापर आईच्या माथी नको

नंदुरबार जिल्ह्यातील खापर हे अक्कलकुवा तालुक्यातले बाजाराचे गाव. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचे, गुजरातच्या हद्दीजवळचे. सातपुड्याच्या डोंगरातले आदिवासी बांधव मीठ-मिरची, कपडालत्ता, बी-बियाणे घ्यायला येथे उतरतात. गावाच्या नावावर कोटी करण्याचा हेतू नाही. परंतु मराठीत 'खापर फोडणे' म्हणजे दोष दुसऱ्याच्या माथी मारणे, आणि आज ज्या विषयावर लिहायचे आहे त्यात खापर कोणावर फोडले जाते हाच मूळ प्रश्न आहे. विषय आहे लहान मुलांच्या सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजेच मेंदूच्या पक्षाघाताचा.

मूल सहा महिन्यांचे होते आणि मान धरत नाही. वर्षाचे होते आणि बसत नाही. लंगोट बदलायला पाय फाकवावेत तर ते लाकडासारखे ताठ होतात, उभे धरले तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तोंडातून लाळ गळते, घास गिळताना ठसका लागतो. मग घरादारातली बोटे आईकडे वळतात. हिने ग्रहण पाळले नाही. हिने दिवस असताना भलतेच काही खाल्ले. ही अवेळी नदीवर गेली. मागच्या जन्मीचे पाप आहे. कुणाची तरी नजर आहे, करणी आहे. आणि हे फक्त डोंगरातल्या पाड्यावर घडते असे समजणाऱ्यांनी पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत डोकावून पाहावे. तेथे ग्रहणाच्या जागी "तुमच्याकडच्या रक्तातच काहीतरी असेल" हे वाक्य येते, भगताच्या जागी ज्योतिषी येतो, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते ती मात्र तीच, मुलाची आई.

वास्तविक पाहता हा आजार म्हणजे काय हे समजून घेतले तर या आरोपातला एकही मुद्दा टिकत नाही. मेंदू घडत असताना, म्हणजे गर्भात, बाळंतपणाच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काळात, त्याच्या एखाद्या भागाला इजा होते. ती इजा पुढे वाढत जात नाही. परंतु स्नायूंना हुकूम देणाऱ्या भागालाच मार बसल्यामुळे शरीराची हालचाल, तोल आणि ठेवण बिघडते. हा रोग संसर्गाने पसरत नाही. बहुतेक मुलांत स्नायू ताठ असतात. काहींत हातपाय आपोआप वळवळत राहतात, काहींचा तोल जातो. एखाद्याची फक्त एक बाजू अधू असते आणि तो शाळेत पळतोही. एखाद्याला मान सावरायलाही दुसऱ्याचा हात लागतो. या दोघांच्या आजाराचे नाव एकच आहे, म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. भारतात हजार मुलांमागे साधारण दोन ते तीन मुलांना हा त्रास असतो असे आजवरच्या पाहण्या सांगतात. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. तालुक्याच्या लोकसंख्येवर हिशेब मांडला तर अशी लेकरे शेकड्यात निघतील. ती दिसत नाहीत, कारण ती घराच्या मागच्या खोलीत असतात.

आणखी एक गैरसमज येथेच मोडायला हवा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे आपण धरून चालतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना बौद्धिक अडचण असते. याचा सरळ अर्थ असा की उरलेल्या निम्म्यांची बुद्धी शाबूत असते. त्यांना सारे ऐकू येते, सारे समजते. "हे मूल मेले असते तर सुटले असते" हे त्याच्यासमोर बोललेले वाक्यही समजते. फक्त ओठ, जीभ आणि घसा यांवर ताबा नसल्यामुळे उत्तर देता येत नाही.

खापर कोणावर फोडायचे हा वाद डॉक्टरांमध्येही जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१च्या सुमारास या मुलांचा अभ्यास मांडला. लिटल स्वतः लहानपणीच्या पोलिओमुळे पायाने अधू होते. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना कोंडलेला श्वास यांमुळे हे घडते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये त्याला हरकत घेतली. त्यांचा मुद्दा असा होता की काही वेळा मेंदूला गर्भातच इजा झालेली असते आणि अवघड बाळंतपण हे त्या आधीच्या बिघाडाचे लक्षण असू शकते. नंतरच्या संशोधनाने दोघांनाही आपापल्या जागी बरोबर ठरवले. म्हणून प्रत्येक वेळी दाईवर, नर्सवर किंवा डॉक्टरवर आरोप ठेवता येत नाही. कित्येक मुलांत नेमके कारण शेवटपर्यंत सापडत नाही. परंतु जी कारणे सापडतात, आणि जी टाळता येण्याजोगी आहेत, त्यांची यादी हातात घेऊन अक्कलकुवा तालुक्याचा नकाशा पाहिला की खापर कोणावर फुटायला हवे ते आपोआप दिसू लागते.

पहिले कारण अपुऱ्या दिवसांचा आणि कमी वजनाचा जन्म. आईच्या अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही, सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत डोक्यावर ओझे आणि हातात कोयता. नंदुरबार-धुळ्याकडची हजारो आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कोयत्याची अर्धी बाजू गरोदर असली तरी उचल फिटेपर्यंत तिला थांबता येत नाही. गावात अंगणवाडीत तिची नोंद असते, लोहाच्या गोळ्या गावात असतात, आरोग्यसेविका गावात असते आणि ती बाई फडावर असते. बाळंतपण फडावरच्या पालात झाले तर ना तिकडची नोंद, ना इकडची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाचा जोरदार पुरस्कार केला. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांनी त्या सभागृहात मांडले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईसाठी झालेल्या त्या लढ्याला आता शंभर वर्षे होत आली. उसाच्या फडातल्या बाईला त्यातले काय मिळाले? संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद करण्यास राज्याला सांगितले आहे. अनुच्छेद ४७ पोषण आणि सार्वजनिक आरोग्याविषयी बोलतो, आणि अनुच्छेद ४१ मध्ये तर विकलांगतेचा शब्दशः उल्लेख करून सरकारी साहाय्याची जबाबदारी घातलेली आहे. हे सारे मार्गदर्शक तत्त्वांत आहे, न्यायालयात लगेच मागता येत नाही, हे मान्य. परंतु कुपोषित आईच्या पोटी दीड किलोचे मूल जन्माला येते तेव्हा तिने ग्रहण पाळले की नाही हे विचारण्याऐवजी अनुच्छेद ४२ कोणी पाळले नाही हे विचारायला काय हरकत आहे?

दुसरे कारण जन्मताना कोंडलेला श्वास. मूल जन्मले आणि रडले नाही, तर पहिला एक मिनिट लाखमोलाचा असतो. त्या मिनिटात बाळाला कोरडे करणे, अंग चोळून जागे करणे आणि तरीही श्वास नसेल तर तोंडावर मास्क धरून पिशवीने हवा देणे एवढे करावे लागते. हे काम प्रशिक्षित नर्स करू शकते. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. केंद्र सरकारने २००९ पासून 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा'त हेच प्रशिक्षण सुरू केले. पण ती नर्स आणि ते बाळंतपण एका ठिकाणी यायला हवे ना! डोंगरातल्या पाड्यावरून गरोदर बाईला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवावा लागतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत याच नंदुरबार जिल्ह्याने आधीच ऑक्सिजन प्रकल्प उभारून ठेवले होते म्हणून देशभर कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मनात आणले तर प्रशासन काय करू शकते याचा तो पुरावा आहे. तोच पुरावा पुढे करून विचारावेसे वाटते की पाड्यावर जन्मणाऱ्या बाळाच्या पहिल्या मिनिटाच्या हवेची सोय अशीच आधी का होत नाही?

तिसरे कारण नवजात बाळाची तीव्र कावीळ. याबद्दल आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. पुष्कळ बाळांना जन्मानंतर थोडी कावीळ होते आणि आठवडाभरात जाते, हे खरे. पण पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर ते पित्त मेंदूत शिरून कायमचे नुकसान करू शकते. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षात होतो. तेथे जाण्याऐवजी गळ्यात काविळीची माळ घालून ती लांबत जाण्याची वाट पाहिली, तर गेलेले दोन दिवस आयुष्यभर परत मिळत नाहीत. यातच एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. काही जणांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते आणि आपल्या आदिवासी समूहांतही ती आढळते. अशा बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवल्या तर त्यांच्या वाफेनेही रक्तपेशी फुटून कावीळ भडकू शकते. बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळी नको, ही सूचना प्रत्येक आशाताईने घरोघर द्यावी. तिला पैसे पडत नाहीत.

याशिवाय मेंदूज्वर, मेंदूला होणारा मलेरिया, गर्भारपणातले जंतुसंसर्ग आहेतच. सातपुड्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. त्या आजारात लहान वयात मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून एक बाजू लुळी पडू शकते. पुस्तकात त्याला कदाचित वेगळ्या रकान्यात टाकतील. लेकराच्या गरजा त्याच असतात.

आता कुपोषणाविषयी. नंदुरबार म्हटले की वर्तमानपत्रांना कुपोषण आठवते. अंगणवाडीत वजनकाटा आहे, दंडाचा घेर मोजायची पट्टी आहे, तीव्र कुपोषित बालकासाठी पोषण पुनर्वसन केंद्र आहे. मूल तेथे जाते, दोन आठवड्यांत थोडे वाढते, घरी येते आणि पुन्हा घसरते. मग कागदावर शेरा येतो की आई लक्ष देत नाही. येथेही खापर आईवरच! या मुलाला घास गिळता येतो का, हे कोणी पाहिले? ज्याची मान मागे पडते, जीभ घास बाहेर ढकलते, त्याला एक वाटी भात भरवायला तास-तास लागतो. आईला मजुरीला जायचे असते. ती घाईने त्याला मांडीवर आडवे घालून भरवते, कारण आपण सगळेच लहान मुलांना तसेच भरवतो. आडव्या मुलाच्या घशातले पातळ अन्न श्वासनळीत उतरते, छातीत कफ होतो, न्यूमोनिया होतो. अशी कितीतरी लेकरे दगावतात आणि नोंद होते ती न्यूमोनियाची किंवा कुपोषणाची. मूळ आजाराचे नाव कोठेच येत नाही. मुलाला शक्य तितके सरळ बसवून, मान किंचित पुढे झुकवून, लहान-लहान घास, घट्टसर अन्न, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, इतके जरी अंगणवाडीताईने आईला करून दाखवले तरी काही जीव वाचतील. ज्या केंद्रात पातळ खीर वाटली जाते तेथे हे शिकवणारा माणूस असतो काय, असा प्रश्न विचारला पाहिजे. कुपोषणाच्या श्वेतपत्रिका पुष्कळ निघाल्या. ज्यांना खाताच येत नाही अशा मुलांचा रकाना त्यांत असायला हवा.

उपचाराबाबतही सत्य सांगितले पाहिजे. मेंदूला झालेली इजा पुसून टाकणारे औषध आज जगात नाही. जो तसा दावा करतो तो फसवतो, मग तो भगत असो वा वातानुकूलित दवाखान्यातला स्टेम सेलवाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारासाठी स्टेम सेलचा वापर नोंदणीकृत संशोधनाबाहेर करता येत नाही. तरी लाखो रुपये मोजून आई-बाप त्यामागे धावतात, जमिनी विकतात. गरिबाच्या मुलाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके आणि श्रीमंताच्या मुलाच्या पाठीत सुई, दोन्हीकडे आशेचाच बाजार आहे. चटक्यांबाबत निदान कायदा तरी आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर त्याच वर्षी महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. 'डाकीण' ठरवून बाईला मारहाण करणाऱ्यांवरही तो लावता येतो. मात्र कायद्याची कलमे पोलीस ठाण्यात आणि चटके पाड्यावर, अशी स्थिती असेल तर त्याचा उपयोग नाही. पाड्यावरच्या माणसाला हिणवूनही ते होणार नाही. दवाखाना चाळीस किलोमीटरवर आणि भगत शेजारी असेल तर माणूस कोठे जाईल?

मग करायचे काय? करण्यासारखे खूप आहे, आणि जितके लवकर तितके चांगले. मेंदू पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने घडतो, इजा न झालेला भाग शिकतो. चार महिन्यांनंतरही मान सावरत नाही, मुठी सतत आवळलेल्या, आठ-नऊ महिन्यांत आधाराविना बसत नाही, वर्षाच्या आतच फक्त एकच हात वापरतो, यातले काहीही दिसले तर "वाढेल हळूहळू" म्हणून थांबायचे नाही. विशेषतः जे मूल जन्मताना रडले नव्हते, जे काचेच्या पेटीत राहिले, ज्याला झटके आले, त्याच्याकडे पहिल्या महिन्यापासून लक्ष हवे. एका हाताचा मुद्दा लोकांना खरा वाटत नाही. डावरे आहे म्हणून कौतुक होते! पण निरोगी बाळ वर्षाच्या आत दोन्ही हात सारखे वापरते. दुसरा हात वापरतच नसेल तर तो हात तपासून घ्यायला हवा.

फिजिओथेरपी, बोलण्याचा सराव, ताठ स्नायू सैल करणारी औषधे आणि इंजेक्शने, पायाच्या पट्ट्या, गरज पडली तर शस्त्रक्रिया, झटक्यांवर रोजची गोळी, आणि खुबा सरकतो आहे का हे पाहणारा ठरावीक काळाने एक्स-रे. याने मूल 'बरे' होत नाही. ते बसू लागते, दुखणे कमी होते, स्वतःच्या हाताने खाऊ लागते, कुणी चालू लागते. अमेरिकेचे डेव्हिड वर्नर यांनी मेक्सिकोच्या डोंगराळ खेड्यांतल्या कामावरून १९८७ मध्ये अपंग खेडूत मुलांसाठी एक जाडजूड पुस्तक काढले. लाकूड, बांबू, दोर आणि जुने टायर यांतून खुर्च्या, उभे राहण्याच्या चौकटी आणि चालण्याचे आधार कसे करायचे याची चित्रे त्यात आहेत. सातपुड्यात बांबू आहे आणि बांबूला हवा तसा वाकवणारे हात आहेत. कोपऱ्यात टेकून बसवणारी खुर्ची खापरच्या सुताराला एका दिवसात करता येईल. तिचे माप सांगणारा फिजिओथेरपिस्ट तेवढा महिन्यातून काही दिवस तेथे हवा. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रांची पाटी करतात. मूल चित्रावर बोट किंवा नजर ठेवते आणि आईला कळते. त्या पाटीवर सफरचंद आणि आगगाडी कशाला? मोहाचे फूल, भाकरी, कोंबडी, पाण्याचा हंडा असावा, आणि शब्द त्याच्या घरच्या भिलोरी-पावरी बोलीतले असावेत. भाषेचा हक्क ज्याला बोलता येते त्यालाच असतो असे थोडेच आहे!

मुंबईत १९७२ साली मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्या काळी देशात अशा मुलांसाठी शाळाच नव्हती. मालिनी चिब पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि २०१० मध्ये एका बोटाने टंकलेखन करीत लिहिलेले त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे परदेशी जाण्याची ऐपत होती. आक्षेप रास्त आहे. पण डब्लिनच्या एका गवंड्याच्या घरात १९३२ साली जन्मलेले ख्रिस्ती ब्राउन, डझनभर भावंडांच्या गर्दीत आईच्या हट्टामुळे डाव्या पायाने खडू धरून अक्षर गिरवायला शिकले आणि पुढे लेखक, चित्रकार झाले. गवंड्याच्या घरात ते झाले, कारण आईने मुलाला समजते यावर विश्वास ठेवला. खापरच्या लेकरांना मात्र आईच्या हट्टावर सोडून देणे हा सरकारी धोरणाचा पर्याय होऊ शकत नाही.

कायद्यांची काही कमी नाही. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा झाला. १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ही मुले आली. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्यानुसार डॉक्टरांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुले तपासते, आणि दोष आढळलेली मुले जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. योजना उत्तम आहे. पण पथक आले त्या दिवशी मूल आईबरोबर उसाच्या फडावर असेल तर? आणि केंद्राकडे पाठवले तर खापरहून अक्कलकुवा, अक्कलकुव्याहून तळोदा, तेथून तापी ओलांडून नंदुरबार, असा प्रवास कडेवर आठ वर्षांचे ताठ मूल घेऊन आठवड्याला दोनदा कोण करील? एक दिवसाची मजुरी बुडवून? फिजिओथेरपी ही एकदाच घ्यायची लस नव्हे. ती भाकरीसारखी रोज लागते, म्हणून ती तालुक्याला, बाजाराच्या गावाला आली पाहिजे.

नावाविषयीही दोन शब्द. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचवले आणि सरकारी पाट्या भराभर बदलल्या. अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच विरोध केला होता. आपल्या वाचकांना हे नवे नाही. अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणण्याची टूम निघाली तेव्हा १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी त्याला कडाडून विरोध केला व स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी सभात्याग केला. देवाचे नाव चिकटवले म्हणून पाणवठा खुला होत नाही, आणि दिव्य म्हटले म्हणून शाळेला उतरंड बांधली जात नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला. त्याचे श्रेय द्यावे, आणि कामाचा हिशेबही घ्यावा.

कर्मसिद्धांताचा मुद्दा येथे टाळून चालणार नाही. अस्पृश्य हा मागच्या जन्मीच्या पापाने अस्पृश्य, असे ज्या तर्काने सांगितले गेले त्याच तर्काने या लेकराला आणि त्याच्या आईला दोषी ठरवले जाते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला, कारण त्याने राज्याची आणि समाजाची जबाबदारीच संपते. आपल्या वस्त्यांतही अपंग मूल असलेल्या घराकडे पाहून "नशीब" म्हणणारे पुष्कळ आहेत. आपण तो तर्क स्वतःच्या बाबतीत झुगारला आणि शेजारच्या लेकराच्या बाबतीत तसाच ठेवला, हे कसे चालेल?

कार्यकर्त्यांना करण्यासारखी कामे समोर आहेत. मुलाचे अपंगत्व प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून देणे, हे पहिले. किमान चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र हाती नसेल तर बहुतेक योजनांची दारे बंद राहतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. आपल्यातल्या किती जणांनी त्याचा अर्ज पाहिला आहे? मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीला आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने पेसाचा निधीही ग्रामसभेच्या हाती येतो. पालांवर आणि फडांवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी गावाकडेच असते. जाताना त्यांच्या मुलांची तपासणी झाली का, हे ग्रामसभेतच विचारता येते.

आणि जेथे तोंडी विचारून उत्तर मिळत नाही तेथे माहितीचा अधिकार आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना विचारावे: गेल्या तीन वर्षांत अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील किती मुलांचे निदान सेरेब्रल पाल्सी असे झाले, त्यांतली किती दुसऱ्यांदा थेरपीला आली, फिजिओथेरपिस्टची मंजूर पदे किती आणि भरलेली किती? महिला व बालविकास विभागाला विचारावे: पोषण पुनर्वसन केंद्रात परत-परत येणाऱ्या मुलांपैकी कितींची गिळण्याची तपासणी झाली? तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला विचारावे: आश्रमशाळांत अशी किती मुले दाखल आहेत आणि त्यांच्यासाठी मदतनीस किती? ग्रामसेवकाला विचारावे: पाच टक्के निधीतून गेल्या वर्षी नेमके काय घेतले? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जाची फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही.